दाराला कडी नसते: अनाथ मुलीच्या सुटकेची थरारकथा लिहिणाऱ्या ताईंना

ताई, तुमच्या कादंबरीचा आराखडा मी दोनदा वाचला. नायिका 16 वर्षांची, आईवडील गेलेले, मराठवाड्यातल्या एका गावात चुलत्याच्या घरी वाढलेली. चुलता तिचं लग्न परराज्यातल्या माणसाशी लावून देतो आणि सासरी गेल्यावर तिला कळतं की पैसे मोजून आपल्याला आणलंय. मग कुलूपबंद खोली, पहाऱ्यावर दोन माणसं, रात्री खिडकीचे गज कापून पलायन, शेतातून पाठलाग, शेवटी पोलीस ठाणं आणि समाप्त. ज्यांना वाचायला दिलं ते म्हणाले, थरार आहे पण खरं वाटत नाही. तुम्ही विचारलंय की खोटं नेमकं कुठे वाटतं, ठाण्यात पोचल्यावर पुढे काय होतं, आणि बालकल्याण समितीपुढे मुलीला साक्षीदारासारखं उभं करतात का.

मी आधी समुपदेशक म्हणून आणि नंतर समितीची सदस्य म्हणून अशा मुलींसोबत वीसेक वर्षं काढली. खाली जे प्रसंग सांगते त्यांतल्या खुणा बदलल्या आहेत.

पहिलं म्हणजे ते कुलूप काढून टाका. मी भेटले त्या बहुतेक मुलींच्या दाराला कडीसुद्धा नव्हती. त्या पाणी भरायला बाहेर जात, शेतावर जात, कुणीकुणी तर बाजारालाही जात. पहारा माणसांचा नव्हता. जायचं कुठे, हाच पहारा. जवळ पैसा नाही, फोन नाही, भाषा अर्धवट कळते, गावाचं नाव माहीत नाही, आणि परत गेलं तर ज्याने पाठवलं त्याच्याच दारात. आईबाप असलेल्या मुलीच्या मनात निदान "माहेर" नावाची एक जागा असते. तुमच्या नायिकेकडे ती जागाच नाही. वाचकाचा श्वास अडकायला हवा तो इथे. दार सताड उघडं आहे, अंगणात कुणी नाही, आणि ती उंबऱ्यावर उभी राहून कुठल्या दिशेला पाऊल टाकायचं हे ठरवू शकत नाही. हे एक पान नीट लिहिलंत, तर गज कापण्याची दहा पानं लागणार नाहीत.

एका मुलीचा फोन मला अजून ऐकू येतो. शेजारच्या घरातल्या सुनेचा मोबाईल तिने दोन मिनिटांसाठी मागून घेतला होता. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर लागला, तिथून आमच्यापर्यंत आला. ती कुजबुजत होती. "कुठे आहेस बाळा?" तर "माहीत नाही." "गावाचं नाव?" "सगळे नुसतं गाव म्हणतात." आमच्या सहकारी ताईंनी विचारलं, समोर काय दिसतं? म्हैस, भिंत, झाड. भिंतीवर काही लिहिलंय का? ती थांबली. मग एकेक अक्षर लावत वाचायला लागली, "रा… ज… की… य…". हिंदीत राजकीय म्हणजे सरकारी. सरकारी शाळेची भिंत होती ती. लिपी देवनागरी, म्हणून तिला वाचता आली. शाळेच्या नावाखाली गाव, तालुका, जिल्हा. चौथीपर्यंत शिकलेली मुलगी होती. तिला गुजरातमध्ये नेलं असतं तर त्या भिंतीवरचं तिला वाचता आलं नसतं, हा विचार त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या मनात आला, पण कुणी बोललं नाही. तुमच्या नायिकेला कोणत्या राज्यात नेताय, ते ठरवताना लिपीचा विचार करा.

आता खलनायक. तुमचा दलाल काळा चष्मा लावून जीपमधून उतरतो. मी पाहिलेले मध्यस्थ बहुतेक वेळा बाई असत, आणि मुलीच्या ओळखीची बाई. कधी दूरची मावशी, कधी ऊसतोडीच्या टोळीतली, कधी स्वतःच पंधरा वर्षांपूर्वी तशीच लग्न होऊन गेलेली आणि आता गावाकडून मुली नेणारी. ती धमकी देत नाही. म्हणते, "पोरीचं कल्याण होईल. हुंडा नको, मानपान नको, लग्नाचा खर्चसुद्धा तेच करतील." ज्या घरात मुलगी उजवायची म्हणजे डोक्यावर कर्ज, तिथे हे वाक्य ऐकल्यावर कुणी पुढे चौकशी करत नाही. पैसे हातात पडतात ते "खर्चाला" म्हणून. विकली हा शब्द घरात कुणीच उच्चारत नाही, चुलता स्वतःशीसुद्धा नाही. हरियाणाच्या बाजूला अशा आणलेल्या बायकांना "मोलकी" म्हणतात, म्हणजे मोल देऊन आणलेली. तो शब्द नायिकेच्या कानावर पहिल्यांदा पडतो, अर्थ कळत नाही, आणि काही दिवसांनी विहिरीवर कुणीतरी अर्थ सांगतं. तुमच्या सत्यशोधनाच्या प्रकरणासाठी मला तरी यापेक्षा चांगला मार्ग दिसत नाही.

चुलत्याला नुसता लोभी ठेवू नका, त्याला कारण द्या. तुमच्या आराखड्यात मुलीच्या वडिलांची चार एकर जमीन एका ओळीत येते आणि पुढे गायब होते. तिथेच तुमचं कथानक आहे. वडील वारल्यावर वारस नोंद होते, सातबाऱ्यावर मुलीचं नाव लागतं आणि नावापुढे "अ.पा.क." येतं, अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन वारसाचा सांभाळ करणारा, त्यापुढे चुलत्याचं नाव. ती 18 ची झाली की ही नोंद निघते आणि जमीन तिची ती मालक. चुलत्याला हक्कसोडपत्र हवं आहे, पण अल्पवयीन मुलीची सही कायद्याने कुचकामी, आणि तिच्या वतीने जमीन सोडून द्यायची तर न्यायालयाची परवानगी लागते. मग ती कागदावर सज्ञान झाली की दोन कामं एका दगडात होतात, लग्नही उरकतं आणि सहीही चालते. म्हणून आधार कार्डावरची जन्मतारीख बदलून आणलेली. लग्नाच्या चार दिवस आधी "तुझ्या लग्नाचे कागद आहेत" म्हणून तिला तालुक्याला नेऊन सही घेतली जाते. तिला वाटतं लग्नाची सही. वाचकाला अजून काहीच माहीत नाही. या सहीचा खुलासा शेवटच्या तिसऱ्या भागात करा.

इथून वयाचा प्रश्न येतो, आणि आमच्या कामात सगळ्यात जास्त घाम तिथेच गळतो. मुलगी म्हणते मी 16 ची, ते म्हणतात 19 ची, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणीही काहीही म्हणू शकतं. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 मध्ये क्रम दिलाय. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. या क्रमात आधार कुठेच नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. तुमच्या नायिकेच्या बॅगेत ती काहीही कोंबू दे, पण तिचा जीव ज्या वस्तूत आहे ती वस्तू गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात आहे. जनरल रजिस्टर, शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदीची वही.

मी ते रजिस्टर एकदा स्वतः पाहायला गेले होते. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडलं, धूळ झटकली, पानं उलटत गेले. मुलीच्या वयाच्या नोंदीशी आलो तर जन्मवर्षाचा शेवटचा आकडा कुणीतरी गिरवलेला. शाई वेगळी. माझ्या काळजात धस्स झालं. मुख्याध्यापक काही न बोलता बोट शेजारच्या रकान्यात घेऊन गेले. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही लिहितात. आकडा बदलणाऱ्याला अक्षरं बदलायचं सुचलं नव्हतं, किंवा जागा नव्हती. जुन्या मास्तरांच्या वळणदार हस्ताक्षरात वर्ष जसंच्या तसं होतं. पाठलागाचे प्रसंग मी बरेच वाचलेत, पण त्या रकान्यापाशी मला जे झालं ते एकाही पाठलागाने झालं नाही.

आणखी एक कागद तुम्हाला वापरता येईल. आईवडील नसलेलं मूल नातेवाइकाकडे वाढत असेल तर महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळतात. चुलत्याने काही वर्षांपूर्वी तो अर्ज केलेला असणार. त्या अर्जासोबत मुलीची खरी जन्मतारीख, आणि खाली त्याची स्वतःची सही. नंतर "ती 19 ची आहे" म्हणणाऱ्या माणसासमोर ती जुनी फाईल उघडली की त्याला बोलायला काय उरतं?

आता ठाण्याचं. तुमची नायिका ठाण्याची पायरी चढते आणि सुटते. बऱ्याचदा खरी गुंतागुंत तिथून पुढे सुरू होते. पहिली अडचण, "आमच्या हद्दीत नाही घडलं." 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते, मग ती शून्य क्रमांकाने संबंधित ठाण्याकडे जाते. हे मुलीला ठाऊक असणार नाही. ते ठाऊक असलेलं एक माणूस तिथे हवं, आणि ते माणूस रात्रपाळीची थकलेली महिला पोलीस असू शकते. सगळे पोलीस वाईट दाखवू नका. मी अशा हवालदारबाई पाहिल्यात ज्यांनी स्वतःचा डबा मुलीपुढे सरकवला आणि ती जेवेपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही.

दुसरी अडचण मात्र तुमच्या कादंबरीचा कणा होऊ शकते. मुलगी पळाल्यावर चुलता काय करतो? तुमच्या आराखड्यात तो गुंड पाठवतो. खऱ्या आयुष्यात तो पोलिसांत जातो. "माझी पुतणी हरवली, अमक्याने फूस लावून पळवली." 10 मे 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार अपहरण किंवा मानवी तस्करीचा संशय धरून गुन्हा म्हणून नोंदवायची असते. मुलांच्या रक्षणासाठी झालेला हा आदेश आहे, आणि त्याने असंख्य मुलं सापडली आहेत. पण तुमच्या गोष्टीत तोच आदेश चुलत्याच्या हातात पडतो. आता मुलीचा फोटो सगळ्या ठाण्यांत गेलाय, रेल्वे स्थानकांवर गेलाय, आणि तिला मदत करणारा रिक्षावाला किंवा वर्गमित्र अपहरणाचा आरोपी झालाय. तिला शोधणारे सगळे सज्जन आहेत, आपलं कर्तव्य करत आहेत, आणि त्यांच्या हाती सापडलं तर आपल्याला परत चुलत्याकडे देतील असं तिला वाटतंय. रेल्वे सुरक्षा दलाची "नन्हे फरिश्ते" नावाची मोहीम 2018 पासून चालू आहे, फलाटावर एकटं मूल दिसलं की जवान थांबवतात. तिला वाचवायला येणाऱ्या त्या जवानापासून ती स्वच्छतागृहात लपते. वाचक ओरडेल, अगं त्याच्याकडे जा! आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही लपलो असतो हेही त्याला कळेल.

सापडल्यावर पोलिसांनी तिला थेट चुलत्याच्या ताब्यात द्यायचं नसतं. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. लग्न लावलं जाण्याचा धोका असलेली अल्पवयीन मुलगी ही कायद्यानेच "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक" ठरते, आणि तिच्याविषयी निर्णय समिती घेते. चुलता तिथे येतो. रडतो, हे लक्षात ठेवा. आमच्यासमोर येणारे नातेवाईक ओरडणारे फार कमी, रडणारे जास्त. "आईबापाविना पोर मी पोटच्यासारखी वाढवली." ते रडणं सगळंच खोटं नसतं, हे लिहिणं तुम्हाला जड जाईल, पण लिहा. त्याचा वकील 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्याकडे बोट दाखवू शकतो. त्या कायद्यात आईवडिलांनंतर चुलता नैसर्गिक पालक म्हणून नाहीच. पण विवाहित अल्पवयीन मुलीचा पालक म्हणून नवऱ्याचा उल्लेख मात्र अजून त्यात आहे. सासरच्यांचा वकील तो वाचून दाखवतो तेव्हा खोलीतली हवा बदलते. बाल न्याय अधिनियमाखाली समितीला बघायचं असतं ते मुलीचं हित, आणि त्या बळावर ती तिला बालगृहात ठेवते.

लग्नाचं काय, हे तुम्ही विचारलं नव्हतंत, पण तुमच्या शेवटच्या प्रकरणात "बालविवाह असल्याने लग्न आपोआप रद्द झालं" असं वाक्य आहे. ते चूक आहे, आणि ही चूक सुशिक्षित माणसंही करतात. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात बालविवाह सहसा आपोआप रद्द होत नाही. मुलीला न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो, आणि तेही वयाची 20 वर्षं पूर्ण व्हायच्या आत. पण त्याच कायद्याचं कलम 12 वेगळं बोलतं. मुलीला बळजबरीने किंवा फसवून नेलं असेल, लग्नासाठी विकलं असेल, किंवा लग्नानंतर विकलं असेल, तर ते लग्न मुळातच शून्य. झालंच नाही असं. म्हणजे तुमच्या नायिकेला नुसतं वय सिद्ध करून चालणार नाही. पैसे फिरल्याचं दाखवलं तर ती कधी कुणाची बायको नव्हतीच. या फरकावर अख्खं न्यायालयीन प्रकरण उभं राहतं. आणि "खर्चाला दिले" म्हणून फिरलेले पैसे आता मोबाईलवरूनच फिरतात, मध्यस्थ बाईच्या खात्यावर, त्यातले काही लगेच चुलत्याच्या. तारीख लग्नाच्या आदल्या दिवसाची.

शिक्षा लिहिताना भारतीय न्याय संहितेचं कलम 143 बघा. बालकाच्या तस्करीला किमान 10 वर्षं, जन्मठेपेपर्यंत. एकाहून अधिक मुलं असतील तर किमान 14. मुलीने "हो" म्हटलं होतं का, याला त्या कलमात काडीची किंमत नाही. सासरी तिच्यावर जे लादलं गेलं त्याला मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा 2012 चा पोक्सो कायदा लागतो, नवरा म्हणवणाऱ्यालाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑक्टोबर 2017 ला बलात्काराच्या कलमातली 18 खालच्या पत्नीबाबतची नवऱ्याची सूट काढून टाकली. तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने साध्या वेशात, मुलीला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. तो प्रसंग लिहाल तेव्हा अत्याचाराचं वर्णन करू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. ती काय सांगते ते वाचकाला कळू द्या जबाब लिहिणाऱ्या बाईच्या थांबलेल्या पेनावरून. आणि एखाद्या खऱ्या मुलीची बातमी घेऊन गाव, शाळा, आडनाव थोडं बदलून वापरायचं असेल तर तो विचार सोडून द्या. ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी त्या मुलीला त्याच गावात जगायचं असतं.

एक माणूस तुमच्या कादंबरीत कुठेच नाही, ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. महाराष्ट्रात खेड्यातला बालविवाह प्रतिबंध अधिकारी तोच असतो, आणि अंगणवाडी सेविका त्याला मदतीला. म्हणजे लग्नाच्या मांडवात, पंगतीत, असं एक माणूस बसलेलं असतं ज्याला हे लग्न थांबवता आलं असतं. एका गावी मी त्या अंगणवाडी सेविकेला भेटले होते. तिने फोन हातात घेतला होता, क्रमांकही लावला होता, आणि समोर भाऊबंद उभे दिसले म्हणून ठेवून दिला. दोन वर्षांनी मला हे सांगताना ती पदराने डोळे पुसत होती. मला तिचा राग आला नाही, तिलाही त्याच गल्लीत राहायचं होतं. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न 18 च्या आत झालेलं आढळलं. त्यातल्या प्रत्येक लग्नात अक्षता टाकणारे लोक होते. तुमच्या कादंबरीत ही सेविका आणा. पहिल्या भागात ती फोन ठेवते. शेवटच्या भागात साक्षीला येते की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. नाही, उभं करत नाहीत. समिती सहसा बालगृहाच्या आवारातच बसते. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही, काळे डगले नाहीत. एक टेबल, आम्ही अध्यक्ष धरून पाच जण, आणि मुलीला खुर्ची. पण त्या खुर्चीवर मुली लगेच बसत नाहीत, हे मी जवळजवळ प्रत्येक वेळी पाहिलंय. एक मुलगी आली ती लग्नातल्याच उंच टाचांच्या चपला घालून. त्याच चपलांवर ती रात्रभर चालली होती, टाचांचं कातडं सोललेलं. मेंदी अजून कोपरापर्यंत. "बस ना बाळा" म्हटलं तर भिंतीला टेकून तशीच उभी. मोठ्या माणसांसमोर खुर्चीवर बसायची तिला सवय नव्हती. शेवटी आमच्यातल्या एक ताई उठल्या आणि फरशीवर बसल्या. मग ती बसली, थोडं अंतर ठेवून. बराच वेळ कुणी काही विचारलं नाही. मग तिनेच विचारलं, "माझी नववीची परीक्षा झाली का?"